परवाचा बिल्ड

“परवाचा म्हणजे कुठला?” रेवतीनं विचारलं.

बुधवारची सकाळ होती. माझी बायको डबा भरत होती आणि मी स्वैपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून कांचन वाघमोडेची मेल तिला मोठ्यानं वाचून दाखवत होतो. कांचन अकलूजची. तिनं आणि करमाळ्याच्या इरफान तांबोळीनं मिळून एक व्हिडिओ गेम बनवला होता, सगळाच्या सगळा मराठीत. कोड तिचा, चित्रं त्याची. नाव ‘मुक्कामी’. मेल आदल्या दिवशीची, मंगळवारची होती.

“पुन्हा वाच,” रेवती म्हणाली.

मी वाचली. “दादा, नमस्कार. गेम तुमच्याकडं पोचलाय यावर अजून विश्वास बसत नाही. इरफान तर कॉलेजपासून तुमचं वाचतोय. एकच विनंती, परवाचा बिल्ड बघूनच लिहा. शुक्रवारी मेलबर्नच्या हेलनबाई आमचा गेम घ्यायचा की नाही ते सांगणार आहेत. त्यांना मराठी येत नाही. तुम्ही काय लिहिताय ते बघून ठरवते म्हणाल्या. चांगलंच लिहा असं म्हणत नाही. खरं लिहा. कांचन.”

बिल्ड म्हणजे त्या दिवसापर्यंत जेवढा गेम बनलाय तेवढ्याची प्रत. उद्या चार चुका काढल्या की उद्याचा बिल्ड वेगळा.

“मंगळवारी परवा म्हणाली,” रेवतीनं बोटांवर मोजलं, “म्हणजे रविवारचा तरी, नाहीतर गुरुवारचा तरी.”

“रविवारचा. रविवारी पाठवलाय तिनं एक. न आलेल्या गोष्टीला परवाचा कोण म्हणेल?”

“का नाही म्हणणार? माझी आई म्हणते की, परवाच्या पूजेचं सामान आणलं का. पूजा काय होऊन गेलेली असते?”

“तुझ्या आईचं सोड.”

“बरं, सोडली. तू त्या मुलीला विचार. एक ओळ टाक.”

“टाकतो,” मी म्हणालो.

मी कोण हे आता सांगतो, कारण माझं नाव आता कुणाच्या लक्षात नसणार. मी जालिंदर धोत्रे, मूळ बार्शीचा. मेलबर्नच्या पश्चिमेला वेरिबीत राहत होतो आणि लॅव्हर्टनच्या एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवत होतो, दुपारी दोन ते रात्री दहा. आणि दोनच्या आधी मी लिहायचो. ‘बटणबहाद्दर’ नावाची माझी वेबसाइट होती. व्हिडिओ गेमच्या बातम्या, परीक्षणं आणि माझी मतं, ऑस्ट्रेलियातून, मराठीत. दहावीला मराठीत एक्केचाळीस मार्क पडलेल्या माणसाचं मराठी वीस हजार लोक वाचत होते. मला कुणी लिहायला शिकवलं नव्हतं, त्यामुळं कसं लिहू नये हेही कुणी शिकवलं नव्हतं. फुकट टी-शर्ट आणि विमानाची तिकिटं घेऊन गेमची आरती ओवाळणारे परीक्षक मी नाव घेऊन सोलायचो. लोकांना तेच आवडायचं. जालूदादा कुणाच्या बापाला भीत नाही, असं म्हणायचे.

पण त्या सप्टेंबरात माझं जरा बिघडलं होतं. आपल्याकडच्या पोरांनी केलेल्या दोन गेमबद्दल मी लागोपाठ चांगलं लिहिलं. दोन्ही चांगलेच होते. पण खाली लोकांनी टोमणे सुरू केले. दादा भाऊबंदकीत अडकले. दादांचे दात पडले. दादांना आता हळदीकुंकवाला बोलवा. हे वाचून माझं डोकं फिरायचं. त्यात पुण्याचा एक व्हिडिओवाला परीक्षक, केसाला जेल लावून बोलणारा, त्यानं जाहीर केलं होतं की मुक्कामीवर पहिला तोच बोलणार, गुरुवारी संध्याकाळी.

रविवारचा बिल्ड माझा सोमवारी सकाळीच खेळून झाला होता. गेममध्ये तुम्ही एसटीच्या कंडक्टरबाई. गाडी मुक्कामी, म्हणजे संध्याकाळी सुटून एका लांबच्या गावी जायची, रात्री तिथंच राहायची आणि सकाळी परत यायची. थांब्याथांब्यावर माणसं चढतात, त्यांच्याशी बोलायचं, तिकिटं फाडायची, दोरी ओढून बेल द्यायची. एक बेल म्हणजे थांब, दोन बेल म्हणजे चल. कल्पना झकास होती. पण तिसऱ्या थांब्यावर मी डबल बेल दिली आणि गाडी हललीच नाही. पुन्हा दिली. पुन्हा दिली. पंचवीस वेळा दिली. गाडी उभी, ड्रायव्हर पुढं बघतोय, आणि मागच्या सीटवरच्या फेटेवाल्याच्या डोक्यावर अक्षरं उमटली, “इथे वाक्य तीन येईल.” शेजारची बाई म्हणाली, “इथे वाक्य चार येईल.” मी सोमवारी त्याच्यावर पोट धरून हसलो.

बुधवारी रेवती कामाला गेली आणि मी लिहायला बसलो. दोन तासांत झालं. माझ्या हातून इतकं धारदार त्याआधी कधी उतरलं नव्हतं. मथळा दिला, ‘या गाडीला मुक्काम आहे, प्रवास नाही’. वाक्य तीन आणि वाक्य चार यांच्यात मी एक प्रेमप्रकरण रंगवलं. आणि शेवटाला लिहिलं, “ज्यानं कुणी हे संवाद लिहिलेत त्यानं एसटीत कधी पाय ठेवला नसावा. आपला म्हणून पाठ थोपटण्याचे दिवस संपले. आपला आहे म्हणूनच दोन थपडा जास्त द्यायला हव्यात.” साडेबाराला टाकलं आणि कामाला गेलो.

चारच्या चहाला फोन उघडला तर नुसती जत्रा. तो मथळा लोकांनी चित्रावर चिकटवून फिरवायला घेतला होता. बंद पडलेली रिक्षा, रखडलेला पूल, कुणाचा तरी लग्नाळू मेव्हणा, खाली माझं वाक्य. दादा इज बॅक. पुण्याच्या जेलवाल्यानं तर ठरलेला व्हिडिओच रद्द केला, जालूदादांनी सगळं सांगितलंय म्हणाला. मी त्या दिवशी फोर्कलिफ्ट अशी चालवली की सुपरवायझर म्हणाला, आज काय लॉटरी लागली का.

गुरुवारी मला सुट्टी होती. दुपारी चारला कांचनची मेल आली. नवा बिल्ड. मजकूर एवढाच, “परवाचा.” पाच मिनिटांनी तिचा फोन.

“दादा, कांचन बोलतेय.”

“हां, बोल.”

“तुम्ही रविवारच्यावर लिहिलंत.”

“तूच लिहिलं होतंस ना, परवाचा बघा म्हणून.”

“परवाचा म्हणजे आजचा हो, दादा. आत्ता पाठवला तो.”

“हे बघ कांचन, आपल्याकडं परवा मागं पण असतो आणि पुढं पण असतो. मला काय स्वप्न पडणार? तारीख लिहायची. जगात गेम विकायला निघालाय तुम्ही, आणि तारीख लिहायला होत नाही?”

तिच्या बाजूला कुठली तरी गाडी रिव्हर्स घेत होती, तिचं टीं टीं टीं माझ्या कानात वाजत राहिलं.

“बरोबर आहे, दादा,” ती म्हणाली. “तारीख लिहायला पाहिजे होती.”

“झालं ते झालं. मी नवा बघतो आणि लिहितो.”

“उद्याच्या आत होईल का? उद्या त्या बाई सांगणार आहेत.”

“बघतो म्हटलं ना.”

मी बघितला. संध्याकाळी पाचला बसलो आणि आठ वाजता उठलो. गाडी तिसऱ्या थांब्यावरनं सुटली. फेटेवाल्याला तोंड फुटलं होतं. तो कंडक्टरबाईला काय हाक मारायची याच्यावर शेजारणीशी वाद घालत होता. मास्तर म्हणावं तर बाई, बाई म्हणावं तर शाळेतल्या वाटतात, ताई म्हणावं तर तिकीट मागतेय. आणि हळूहळू कळत जातं की गेमचा खरा पेच काय आहे. मुक्कामाच्या गावी ड्रायव्हर-कंडक्टरला झोपायला खोली एकच. आजवर बाई कंडक्टर त्या गाडीवर कधी आलेलीच नाही. मग ही झोपणार कुठं? कुणीतरी घरी चला म्हणायला हवं. आणि कोण म्हणेल, हे तुम्ही वाटेत कुणाशी कसे बोललात त्यावर. गेम हे तुम्हाला कुठंही सांगत नाही. मी आपला नियमावर बोट ठेवून खेळलो. कोंबडीचं अर्धं तिकीट फाडलं, सुट्ट्यावरनं एका म्हातारीला झापलं. गाव आलं. माणसं पटापट उतरली, दारं लागली. कंडक्टरबाई गाडीत एकटी बसली, काचा वर केल्या, पर्स उशाला घेतली. संपलं.

मी पुन्हा पहिल्यापासून खेळलो. या वेळी म्हातारीशी नीट बोललो. ती उतरताना पायरीवर थांबली आणि म्हणाली, “चल गं, गोधडी मोठी आहे.”

पुढच्या खोलीत टीव्ही चालू होता. रेवतीनं हाक मारली, “कसा आहे नवा?”

“बराय,” मी म्हणालो.

लिहायला बसलो. ‘काल मी लिहिलं ते’ एवढं लिहिलं आणि थांबलो. त्या मथळ्याचं चित्र आता मराठीबाहेरचे लोकही फिरवत होते. उद्या सकाळी लिहू म्हटलं.

शुक्रवारी सकाळी दहाला फोन आला. ब्रन्सविकमध्ये लहान लहान गेम निवडून जगभर विकणारी एक कंपनी होती, तिची हेलन. आवाज वयस्कर, शांत, कामापुरता.

“मिस्टर धोत्रे, तुमचा लेख मी मशीनमधून भाषांतर करून वाचला. मशीनवर माझा विश्वास नाही, म्हणून फोन केला.”

“विचारा.”

“माझ्याकडं जो गेम आहे त्यात बस नीट चालते. चित्रं अप्रतिम आहेत. पण माणसं काय बोलतात ते मला एक अक्षर कळत नाही, आणि या गेममध्ये बोलण्याशिवाय काही नाही. तुम्ही म्हणता बस अडकते. आपण दोघं एकाच प्रतीबद्दल बोलतोय का?”

समोर लॅपटॉपवर अर्धी ओळ तशीच होती. हेलनला मी म्हणालो, “मला जी प्रत तपासायला सांगितली होती, तिच्याबद्दल मी लिहिलं.”

“म्हणजे त्यांनी स्वतः सांगितलेली?”

“मेल आहे माझ्याकडं.”

“ठीक. आणि भाषा? लिखाण कसं आहे? मला दुसरं कुणी विचारायला नाही.”

मी खिडकीतून शेजाऱ्याच्या अंगणातला कपडे वाळत घालायचा फिरता खांब बघत होतो. म्हटलं, “ठीक आहे.”

“ठीक म्हणजे?”

“ठीक म्हणजे ठीक.”

तिनं आभार मानले. दुपारी तिनं कांचनला नकार कळवला, हे मला कांचनकडनंच कळलं. तिनं मला दोन ओळींची मेल केली. हेलनबाई नाही म्हणाल्या. तुम्ही वेळ दिलात त्याबद्दल धन्यवाद.

शनिवारी माझ्या लेखाखाली कांचनची जाहीर टिप्पणी आली. “गेम तयार नसताना पाठवला, आणि कुठला बिल्ड बघायचा ते मी स्पष्ट लिहिलं नाही. ‘परवा’ या शब्दाचा घोळ माझा. जालिंदरदादांची यात काही चूक नाही. त्यांच्या वाचकांची माफी मागते.” त्याच्याखाली तीनशे लोक. काहींनी तिला शाबासकी दिली, चूक कबूल करायला धाडस लागतं म्हणून. बहुतेकांनी मला दिली. दादा, तुम्ही होता म्हणून पोरगी शिकली. मी तिच्या टिप्पणीला अंगठा दिला. प्रकरण इतकं नीट मिटलं होतं की ती अर्धी ओळ पुरी करायची मला गरजच उरली नाही.

मुक्कामी कधी बाहेर आला नाही. त्यांनी दुसरीकडं दोन-तीन ठिकाणी दाखवला, पण नाव शोधलं की पहिल्यांदा माझा मथळा यायचा. पुढं इरफान लग्नपत्रिका आणि फ्लेक्सची डिझाइनं करायला लागला. कांचन पुण्यात एका कंपनीत दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या नोकरीला लागली. मी आणखी तीन वर्षं लिहिलं आणि मग साइट बंद केली. लोकांना सांगितलं, वेळ होत नाही. ‘परवा’चा किस्सा मात्र मी पुष्कळ ठिकाणी सांगितला. मराठी मंडळात, गणपतीला, गोदामातल्या एका नागपूरच्या पोराला. एका शब्दापायी गाडी कशी चुकली. लोक हसायचे. रेवती त्या वेळी उठून चहा टाकायला जायची.

सात वर्षांनी चुलतभावाच्या लग्नाला बार्शीला गेलो होतो. हळदीच्या दिवशी दुपारी कुणाला न सांगता गाडी काढली आणि अकलूज गाठलं. कांचन आईला बरं नाही म्हणून महिनाभर घरून काम करतेय, एवढं मी फेसबुकवर बघितलं होतं. फोन करून गेलो. ती “या” म्हणाली, एवढंच.

दोन खोल्यांचं घर, पुढं पत्र्याची पडवी. पडवीत खुर्चीवर तिची आई बसलेली, पाय स्टुलावर. भिंतीवर खाकी गणवेशातल्या एका बाईचा फोटो, गळ्यात चामड्याची बॅग, हातात तिकिटांची पेटी. तीच बाई आता स्टुलावर पाय ठेवून माझ्याकडं बघत होती.

“अकलूज डेपो,” ती म्हणाली. “सव्वीस वर्षं. बसा भाऊ.”

एसटीत कधी पाय ठेवला नसावा, असं मी लिहिलं होतं. मी बसलो.

कांचननं चहा आणला. पस्तिशीकडं झुकलेली, चष्मा, केस आखूड. लग्न कुणाचं, किती दिवस आहात, तिकडं थंडी किती, सगळं झालं. आई आमच्या दोघांकडं आळीपाळीनं बघत होती.

“कांचन,” मी म्हणालो, “मी तो व्हॉइस ऐकला होता.”

तिनं कप खाली ठेवला.

इथवर वाचणाऱ्याला हे कळणार नाही, कारण मी ते वर लिहिलेलं नाही. इतकी वर्षं किस्सा सांगतानाही मी ते गाळतच आलो. मंगळवारी मेल आल्यावर अर्ध्या तासानं कांचनचा व्हॉट्सअॅपवर एक व्हॉइस मेसेज आला होता. बावीस सेकंदांचा. मी तो गोदामाच्या पार्किंगमध्ये, गाडीत बसून ऐकला. “दादा, मेलमध्ये परवाचा लिहिलंय ना, त्याचा घोळ नको. गुरुवारी देते. रविवारचा फक्त तुमच्या मशीनवर चालू होतो का ते बघायला पाठवलेला. त्यात गाडी तिसऱ्या थांब्यावर अडकते आणि निम्मी वाक्यं घालायचीत. हसू नका बरं का.” रेवतीनं बुधवारी विचारलं तेव्हा मला उत्तर माहीत होतं. दुपारी तिनं फोन करून विचारलं, “विचारलंस का त्या मुलीला?” तर मी म्हणालो, “विचारलं, रविवारचाच.” आणि गुरुवारच्या फोनवर, तिच्याकडची गाडी रिव्हर्स घ्यायला लागायच्या आधी, कांचननं मला सरळ विचारलं होतं, “दादा, माझा व्हॉइस ऐकला नव्हता का?” मी म्हणालो होतो, “कुठला व्हॉइस?”

शब्दाचा घोळ झालाच नव्हता. शब्द मला फक्त हाताशी सापडला होता.

“माहीत आहे,” कांचन म्हणाली.

“काय माहीत आहे?”

“ऐकलात ते. व्हॉइस ऐकला की त्याचा माइक निळा होतो ना. तुम्ही कुठला व्हॉइस म्हणालात, तेव्हा मी फोन कानापासून काढून बघितलं. निळा होता.”

मला हे सुचलं नव्हतं. रोज गेममधली बारीकसारीक बटणं तपासणारा माणूस मी, मला हे सात वर्षं सुचलं नव्हतं.

“मग तू माफी का मागितलीस? सगळ्यांसमोर?”

“तर काय करणार होते? जालूदादा खोटं बोलतात म्हणून लिहिणार होते? तुमच्याकडं वीस हजार माणसं होती, दादा. माझ्याकडं एक होता. आणि तोही तुमचाच.”

“इरफान?”

“त्याला दाखवला मी निळा माइक. म्हणाला, चुकून बोट लागलं असेल. ऐकलं असतं तर दादा असं लिहिणारच नाहीत. तुझी चूक आहे आणि तू त्यांच्यावर ढकलतेस.” ती हे अगदी साध्या आवाजात सांगत होती, नोकरीतल्या कुठल्या तरी जुन्या मीटिंगबद्दल सांगावं तसं. “दीड वर्ष रोज चौदा तास बोलायचो आम्ही. त्यानंतर मग कामापुरतं. मग तेही नाही.”

“त्याला वाटतं हिनं घाई केली,” आई म्हणाली. “माझ्यासमोर म्हणाला, मावशी, एका शब्दात तिनं आमचं सगळं घालवलं. माझ्या घरात बसून म्हणाला. मी त्याला जेवू घातलं नाही त्या दिवशी.”

“आई.”

“काय आई. नाही घातलं.”

मी म्हणालो, “मी सगळं लिहितो. नाव-गाव घालून.”

“लिहा की,” कांचन म्हणाली. “मला कशाला विचारता? तेव्हा विचारलं होतंत का?” मग म्हणाली, “गुरुवारचा खेळलात का कधी?”

“त्याच संध्याकाळी. दोनदा. शेवटापर्यंत.”

ती माझ्याकडं बघतच राहिली. मला वाटलं होतं आता ती मला हाकलून देईल. तिनं खुर्ची पुढं ओढली.

“मी, इरफान आणि तुम्ही,” ती म्हणाली. “शेवटापर्यंत तिघंच. हेलनबाईंना वाचता येत नव्हतं. मग सांगा ना, कसा होता?”

मी सांगितलं. पहिल्या खेपेला मला गाडीत झोपावं लागलं ते सांगितलं, म्हातारीच्या गोधडीचं सांगितलं. मास्तर म्हणावं की ताई, तो वाद मला अजून पाठ होता, तो म्हणून दाखवला. आई हसली. म्हणाली, हे माझं आहे, हे पिलीवच्या गाडीत झालेलं. कांचन हसली नाही. ती ऐकत होती, भुवया आवळून, मधेच बोटानं गुडघ्यावर काहीतरी मोजत.

“चौथ्या आणि पाचव्या थांब्याच्या मधे लांबतं ना?” तिनं विचारलं.

“थोडं लांबतं. शाळेतल्या पोरींचं बोलणं निम्म्यावर आलं असतं तर चाललं असतं.”

“तेच. मी इरफानला म्हणत होते, तो म्हणायचा नाही, राहू दे.” ती मागं टेकली. “मला वाटतच होतं.”

हे एवढंच तिनं माझ्याकडं मागितलं होतं, खरं लिहा म्हणून. आणि हे सांगायला मला दहा मिनिटंही लागली नव्हती.

कांचननं फोन उचलला. बराच वेळ खाली खाली सरकवत गेली, एवढं खाली ते नाव गेलेलं होतं. मग लावला आणि माझ्यासमोर धरला.

“इरफानला सांगा.”

“काय सांगू? गेम चांगला होता ते?”

“ते नंतर. आधी माइकचं.”

रिंग वाजत होती. आईनं स्टुलावरचे पाय खाली घेतले. पाचव्या रिंगला फोन उचलला गेला. पलीकडं प्रिंटर चालू होता. मग एक पुरुषी आवाज, जपून, “बोल.”

“इरफान, मी जालिंदर धोत्रे बोलतोय.”

“कोण?”

मी पुन्हा सांगितलं.

प्रिंटर बंद झाला. “बटणबहाद्दरवाले? जालूदादा?” आवाज एकदम उजळला. “अहो दादा, किती वर्षांनी. तुमचं सगळं अजून सेव्ह करून ठेवलंय मी. कुठनं बोलताय, ऑस्ट्रेलियातनं?”

“कांचनच्या घरातनं,” मी म्हणालो.

कांचन माझ्याकडं बघत नव्हती, अंगणाकडं बघत होती.

“ऐकतोयस ना?” मी विचारलं.

“ऐकतोय,” तो म्हणाला.

मी त्याला मंगळवारपासून सांगायला सुरुवात केली.